जनुके 'चालू-बंद' होतात म्हणजे नेमके काय, आणि गेल्या काही वर्षांत नवे काय सापडले?

तुमच्या एका प्रश्नात खरे तर चार प्रश्न आहेत. व्यायाम, ध्यान, आहार यांनी जनुके चालू-बंद होतात का? आजी-आजोबांनी सोसलेले नातवंडांच्या पेशींत उतरते का? लाळेचा नमुना पाठवून 'खरे जैविक वय' सांगणाऱ्या चाचणीवर पैसे घालावेत का? आणि या सगळ्यात अलीकडे खरोखर नवे काय सापडले? माझे रोजचे काम डीएनए-मिथायलेशनच्या, म्हणजे डीएनएवर बसणाऱ्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणांच्या, चाचण्यांचे आणि त्यांच्या विश्लेषणाचे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घाईत असाल तर पहिल्याचे उत्तर 'हो, पण', दुसऱ्याचे 'माणसात अजून सिद्ध नाही' आणि तिसऱ्याचे 'नको'. चौथ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यायला हवा, कारण बाकीच्या तिन्हींचा निकाल त्यातूनच लागतो.

आधी गरजेपुरती पार्श्वभूमी. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी, दोघींत डीएनए तोच. प्रथिने बनवणारी सुमारे २०,००० जनुकेही तीच. कोणत्या पेशीत कोणती जनुके वाचली जातात, एवढाच फरक. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. एका गुंडाळीत साधारण १४७ अक्षरे. गुंडाळी घट्ट असली की वाचणारी यंत्रणा तिथे पोचत नाही. हिस्टोनच्या शेपटांवर लागणारे रासायनिक गट आणि डीएनएमधल्या 'सी' या अक्षरावर बसणारा मिथाइल गट, या दोन खुणांवरून गुंडाळी सैल की घट्ट हे बरेचसे ठरते. पेशी दुभंगली की यातल्या काही खुणा दोन्ही लेकींकडे जातात, म्हणून यकृताची पेशी दुभंगून यकृताचीच पेशी होते. जनुकांजवळ किंवा लाखो अक्षरे दूर बसून त्यांना कामाला लावणारे डीएनएचे तुकडे असतात, त्यांना एन्हान्सर म्हणतात. आपल्या डीएनएतला प्रथिनांचा मजकूर २ टक्क्यांहूनही कमी आहे. बाकीच्यात असली नियंत्रणाची ठिकाणे विखुरलेली आहेत.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर तिरंगी मांजरीकडे पाहा. नारिंगी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, हे शंभरएक वर्षांपासून ठाऊक होते. मादीला दोन एक्स असतात, आणि भ्रूण अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी त्यातले एक कायमचे बंद करून टाकते. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी हे १९६१ मध्ये मांडले. कोणते बंद करायचे ते प्रत्येक पेशी आपापले ठरवते आणि तिच्या सगळ्या वंशज पेशी तो निर्णय पाळतात. एका एक्सवर नारिंगीची आणि दुसऱ्यावर काळ्याची प्रत असली की म्हणूनच काळे पट्टे, नारिंगी पट्टे. पण ते जनुक नेमके कोणते, हे २०२५ मध्ये कळले. जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर दिले: एआरएचगॅप३६ नावाच्या जनुकापाशी सुमारे ५,१०० अक्षरांचा तुकडा गळालेला आहे. गंमत अशी की प्रथिनाचा मजकूर जसाच्या तसा आहे. गळाला तो आजूबाजूचा भाग, आणि त्यामुळे हे जनुक रंगपेशींत, म्हणजे जिथे त्याने गप्प बसायचे तिथे, बोलू लागते. काळ्या रंगद्रव्याचे काम अडते आणि पिवळसर-नारिंगी रंगद्रव्य बनते. जनुक-नियंत्रण आणि एपिजेनेटिक्स (अक्षरे न बदलता खुणांनी होणारे, पेशीविभाजनातही टिकणारे नियंत्रण) दोन्ही एकाच प्राण्याच्या पाठीवर उमटलेले असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

आता मुख्य मुद्दा. या क्षेत्राची जुनी अडचण अशी की आम्ही खुणा फक्त वाचू शकत होतो. कर्करोगाच्या पेशीत अमुक जनुकावर मिथाइल गट जास्त, उदास माणसाच्या रक्तात तमुक ठिकाणी कमी, असे शेकडो शोधनिबंध निघाले. पण ती खूण जनुक बंद पडण्याचे कारण, की जनुक आधीच बंद पडल्यावर मागे राहिलेला माग? वाचून हे कळत नाही. ते कळायला खूण स्वतः लिहावी लागते, तीही डीएनएचे एकही अक्षर न बदलता, आणि मग काय होते ते पाहावे लागते. गेल्या पाचेक वर्षांत हे जमू लागले. माझ्या मते या काळातली सर्वांत मोठी घडामोड हीच, आणि बातम्यांत तिला सर्वांत कमी जागा मिळते.

२०२१ मध्ये 'क्रिस्परऑफ' नावाचे साधन आले. क्रिस्पर ही डीएनए ठरावीक जागी कापणारी कात्री; आधी ती बोथट करून घेतात. ती जागा शोधते, पण कापत नाही. तिला मिथाइल गट बसवणारे एन्झाइम आणि हिस्टोनवर 'बंद'ची खूण बोलावणारे प्रथिन जोडतात. हे सगळे पेशीत थोडा वेळच राहते, काम करते आणि नष्ट होते. तरी बंद केलेले जनुक ४५० पेशीविभाजनांनंतरही बंदच राहिले. लिहिणारा निघून गेला आणि लिहिलेले टिकले. म्हणजे ती खूण नुसता माग नव्हती; निदान त्या जनुकांपुरती ती स्वतःच कारण होती.

मग प्रयोग जिवंत प्राण्यांत गेला. मिलानच्या सॅन राफाएल संस्थेतल्या अँजेलो लोम्बार्डो यांच्या गटाने २०२४ मध्ये उंदरांच्या यकृतातले पीसीएसके९ हे जनुक अशाच खुणांनी बंद केले. हे जनुक थंड पडले की रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल उतरते. स्निग्ध कणांत भरलेल्या आरएनएचे, म्हणजे हे साधन पेशीत बनवण्याच्या संदेशाचे, एक इंजेक्शन दिले, आणि या जनुकापासून बनणारे रक्तातले प्रथिन जवळपास निम्म्यावर येऊन सुमारे वर्षभर तिथेच राहिले. मला या निबंधातला एक छोटा प्रयोग फार आवडतो. त्यांनी काही उंदरांच्या यकृताचा मोठा भाग कापून काढला. यकृत पुन्हा वाढते, म्हणजे उरलेल्या पेशींना भराभर दुभंगावे लागते. खूण पुसली जायची असेल तर या धांदलीत पुसली जाईल. ती पुसली गेली नाही. नव्या यकृतातही जनुक बंदच होते. २०२५ मध्ये हाच मार्ग माकडांतही चालल्याचे प्रसिद्ध झाले.

मेंदूतही हे करता येते. २०२४ मध्येच 'चार्म' नावाच्या साधनाने उंदरांच्या मेंदूतले प्रायॉन प्रथिन ८० टक्क्यांहून अधिक कमी केले. प्रायॉनचे आजार जीवघेणे असतात आणि आज त्यांवर इलाज नाही. या कामातल्या एक संशोधक सोनिया वल्लभ यांच्या स्वतःच्या डीएनएत अशाच आजाराचा बदल आहे. त्यांच्या आई त्याच आजाराने गेल्या, आणि वल्लभ वकिली सोडून या संशोधनाकडे वळल्या, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. साधनातली युक्ती अशी की मिथाइल गट बसवणारे एन्झाइम बाहेरून आणायचे नाही, पेशीचेच वापरायचे. त्यामुळे ते आटोपशीर होते आणि विषाणूच्या कवचात मावते. शिवाय काम झाले की ते स्वतःलाही बंद करून घेते.

माणसांत? हिपॅटायटिस-बी आणि एफएसएचडी हा स्नायूंचा आजार, या दोहोंसाठी सुरुवातीच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. एफएसएचडीमध्ये हा मार्ग विशेष तर्कशुद्ध वाटतो, कारण तिथे मूळ बिघाडच एपिजेनेटिक आहे: एरवी स्नायूंत बंद असणारे ड्यूएक्स४ हे जनुक उघडे पडते. पण थांबा. सुरुवातीच्या चाचण्या मुख्यतः सुरक्षितता पाहायला असतात. चुकीच्या जागी खूण लागली तर काय, वीस वर्षांनी ती राहील का, यांची उत्तरे उंदराच्या आयुष्यात मिळत नाहीत.

२०२४ चाच आणखी एक शोध मला जास्त अस्वस्थ करून गेला. फ्रान्समधल्या जाकोमो काव्हाली यांच्या गटाने फळमाश्यांच्या अळ्यांत पॉलिकोम्ब या जनुके गप्प ठेवणाऱ्या प्रथिनसंचाचा एक घटक थोड्या काळासाठी कमी केला आणि मग पुन्हा पूर्ववत केला. डीएनए बदलला नाही, प्रथिनही परत आले, तरी गाठी वाढल्या आणि वाढतच राहिल्या. मधल्या काळात उघडी पडलेली काही जनुके पुन्हा मिटलीच नाहीत. कर्करोग म्हणजे उत्परिवर्तनांची, म्हणजे डीएनएतल्या बदलांची, बेरीज, हे आम्ही शिकलो तसे शिकवतही आलो; निदान माशीत त्याला अपवाद आहे, हे आता स्वच्छ दिसले. माणसाच्या कर्करोगांत बहुधा दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात, त्यामुळे यावरून 'कर्करोग जीवनशैलीने उलटवता येतो' असा अर्थ कुणी काढत असेल तर तो ओढूनताणून आणलेला आहे.

नियंत्रणाच्या ठिकाणांचा अभ्यास उपचारापर्यंत पोचल्याचे सर्वांत भक्कम उदाहरण सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे. गर्भात असताना आपण वेगळे, म्हणजे भ्रूणीय हिमोग्लोबिन वापरतो. जन्मानंतर ते बंद होते आणि प्रौढ हिमोग्लोबिन सुरू होते. सिकलसेलचा दोष प्रौढ हिमोग्लोबिनमध्ये. म्हणजे भ्रूणीय पुन्हा सुरू केले तर आजार आटोक्यात यावा. ते बंद ठेवतो बीसीएल११ए हा घटक, हे २००८ च्या सुमारास स्पष्ट झाले. पण तो सरसकट काढून टाकता येत नाही. मेंदूला आणि रोगप्रतिकारक पेशींनाही तो लागतो. २०१३ मध्ये सापडले की लाल पेशी घडवणाऱ्या पेशींत या जनुकाला कामाला लावणारा एन्हान्सर स्वतंत्र आहे. तेवढाच मोडला की लाल पेशींपुरता बीसीएल११ए कमी होतो आणि बाकी शरीरात त्याचे काम चालू राहते. कॅसजेव्ही हा उपचार नेमके हेच करतो: रुग्णाच्याच रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढून, क्रिस्परने त्या एन्हान्सरमधली एक छोटी जागा कापून, त्या परत देतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. हा उपचार सोपा नाही. आधी जड केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, आणि खर्च तर बहुतेकांच्या आवाक्याबाहेर.

अशीच वाट इतर आजारांतही दिसू लागली आहे. २१ व्या गुणसूत्रावर एक ओसाड वाटणारा पट्टा आहे, ज्यात प्रथिनाचे जनुकच नाही. आतड्याच्या दाहाच्या आजारांशी त्याचा संबंध अनेक वर्षे दिसत होता, कारण कळत नव्हते. २०२४ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतल्या गटाने दाखवले की तिथे एक एन्हान्सर आहे आणि तो दाहक पेशींत ईटीएस२ हे जनुक वाढवतो.

असा एकेक एन्हान्सर उकलायला वर्षे लागतात, म्हणून संगणकी प्रारूपांकडे सगळ्यांचे डोळे लागले आहेत. गूगल डीपमाइंडचे २०२५ मध्ये जाहीर झालेले 'अल्फाजीनोम' एका वेळी १० लाख अक्षरे घेते आणि एक अक्षर बदलले तर कोणत्या पेशीत काय फरक पडेल याचा अंदाज देते. यादीतला कोणता बदल आधी तपासावा हे ठरवायला ते उपयोगी आहे. मात्र लाखभर अक्षरांपलीकडच्या एन्हान्सरचा परिणाम त्याला अजून नीट पकडता येत नाही, आणि एखाद्या व्यक्तीच्या जीनोमवरून (संपूर्ण डीएनएवरून) भाकीत सांगण्यासाठी ते बनवलेलेच नाही, असे त्याच्या निर्मात्यांनीच म्हटले आहे. हे साधन वापरून तुमचे भविष्य सांगतो म्हणणाऱ्याला हे वाक्य दाखवा.

व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रवकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले ते मायक्रोआरएनएसाठी. शोध १९९३ चा, एका सूक्ष्म कृमीतला. साधारण २२ अक्षरांचा आरएनए दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटून त्याचे प्रथिन बनू देत नाही. २००० मध्ये तसाच आरएनए माणसासकट अनेक प्राण्यांत सापडेपर्यंत बहुतेकांना ती त्या कृमीचीच लकब वाटली होती.

आता वारशाकडे. 'आघात पिढ्यान्‌पिढ्या डीएनएत कोरला जातो' हे वाक्य आता भाषणांतही ऐकू येते. सस्तन प्राण्यांत शुक्रपेशी-अंडपेशी घडताना आणि फलनानंतर लगेच, असे दोनदा मिथायलेशन मोठ्या प्रमाणावर पुसले जाते. ठरावीक ठिकाणे त्यातून सुटतात. काही जनुकांवर 'हे आईकडून, हे वडिलांकडून' अशी खूण राहते आणि दोहोंतली एकच प्रत चालते. ही खूण किती निर्णायक आहे, हे २०२५ मध्ये शांघायच्या एका गटाने दाखवले. दोन शुक्रपेशींचे डीएनए एका रिकाम्या अंडपेशीत घालून, अशा सात ठिकाणच्या खुणा बदलल्या. अक्षरे बदलली नाहीत. २५९ भ्रूणांतून दोन उंदीर प्रौढ झाले आणि त्यांना पिल्लेही झाली. खुणा न बदलता असा भ्रूण जगत नाही, हे १९८४ पासून माहीत होते. यशाचे प्रमाण पाहिले तर माणसाबाबत याचा विचारही करू नये, हे उघड आहे.

पण आयुष्यात मिळवलेली खूण पुढे जाते का? नेदरलँड्समधल्या १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्याचा दाखला नेहमी दिला जातो. त्या वेळी नुकतीच गर्भधारणा झालेल्या बाळांत, साठ वर्षांनंतर, आयजीएफ२ या जनुकावरचे मिथायलेशन त्यांच्याच भावंडांपेक्षा सरासरी ५ टक्क्यांनी कमी आढळले. २००८ चा हा निष्कर्ष महत्त्वाचा आहेच. पण ती बाळे स्वतः उपाशी आईच्या पोटात होती. त्यांना काही वारशाने मिळाले नाही, त्यांनी ते प्रत्यक्ष सोसले. शिवाय पोटातल्या मुलीच्या अंडपेशी तेव्हाच घडत असतात, म्हणजे नातवंडाची अर्धी शिदोरीही तिथे हजर असते. आईच्या बाजूने खरा वारसा सिद्ध करायचा तर पणतवंडापर्यंत जावे लागते. माणसात असा अभ्यास करायला एका संशोधकाचे आयुष्य पुरत नाही, आणि मधल्या काळात संगोपन, गरिबी, घरात सांगितल्या जाणाऱ्या आठवणी यांचाही वारसा जातच असतो. ज्यूंच्या नरसंहारातून वाचलेल्यांवरचा २०१५ चा गाजलेला अभ्यास ३२ व्यक्ती आणि त्यांच्या २२ मुलांवर होता. एवढ्यावरून मी माझ्या अहवालात एक ओळही लिहिणार नाही.

प्राण्यांत चित्र इतके कोरे नाही. कृमींत लहान आरएनएमार्फत काही पिढ्यांपर्यंत परिणाम जातो, वनस्पतींत तर हे नित्याचेच. उंदरांत २०२३ मध्ये दोन जनुकांवर मुद्दाम लिहिलेले मिथायलेशन अनेक पिढ्या टिकले. विलक्षण भाग असा की जननपेशींत ते पुसले जाई आणि पुढच्या भ्रूणात पुन्हा उमटे. मग आठवण नेमकी कशात साठवलेली असते? हा प्रश्न आज खरोखर उघडा आहे. पण तिथेही खूण प्रयोगशाळेत लिहिली होती, उपासमारीने वा भीतीने नव्हे.

सवयींचे म्हणाल तर पर्यावरणाच्या खुणा नक्की उमटतात. सर्वांत ठळक धूम्रपानाची: एएचआरआर या जनुकावरचे मिथायलेशन धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात इतके घसरते की केवळ त्यावरून सवय ओळखता येते, आणि सोडल्यावर ते हळूहळू वर येते. ध्यानधारणेचे असे भक्कम निष्कर्ष मी पाहिलेले नाहीत. रक्ताच्या नमुन्यात एक मोठी मेख असते: त्यात अनेक प्रकारच्या पांढऱ्या पेशींची सरमिसळ असते आणि प्रत्येकीचे मिथायलेशन वेगळे. साध्या सर्दीने पेशींचे प्रमाण बदलले तरी आलेखावर 'जनुक बंद झाले' असे दिसू शकते. खरे तर एकाही पेशीत काही बदललेले नसते. असा निबंध हातात आला की मी आधी पेशींच्या प्रमाणाची दुरुस्ती केली आहे का ते शोधतो. नसेल तर पुढे वाचत नाही.

जिथे ही चाचणी खरोखर कामाची आहे ती ठिकाणे बातम्यांत नसतात. प्रॅडर-विली आणि अँजेलमन या जन्मजात आजारांत १५ व्या गुणसूत्रावरचे मिथायलेशन तपासणे हीच पहिली पायरी. मेंदूच्या गाठींचे वर्गीकरण मिथायलेशनवरून करण्याची पद्धत २०१८ मध्ये आली आणि २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिला जागा मिळाली. २०२३ मध्ये डच गटाने तर शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठीचा तुकडा घेऊन दीड तासाच्या आत प्रकार सांगून दाखवला. पहिल्या २५ शस्त्रक्रियांपैकी १८ मध्ये निदान बरोबर आले, उरलेल्यांत यंत्राने 'खात्री नाही' म्हटले. मला हे दुसरे वर्तन पहिल्याइतकेच मोलाचे वाटते. गाठ किती काढायची हे सर्जनला तेव्हाच ठरवायचे असते, आठवड्याने अहवाल येऊन काय उपयोग!

राहिला तुमचा जैविक वयाचा प्रश्न. स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ मध्ये ३५३ ठिकाणांच्या मिथायलेशनवरून वय सांगणारे 'घड्याळ' बनवले. चूक साधारण साडेतीन वर्षांची. संशोधनासाठी ते उत्तम आहे, हजारो लोकांच्या गटांची तुलना करायला तर फारच. पण ती ठिकाणे म्हातारपण आणतात असे कुणी सिद्ध केलेले नाही. केसांना कलप लावला म्हणून वय उतरत नाही, तसेच घड्याळाचा आकडा उतरला म्हणून म्हातारपण मागे गेले असे होत नाही. दोन वर्षे कमी उष्मांक घेणाऱ्यांवरच्या नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यात, नंतर निघालेल्या अशा घड्याळांपैकी एकावर, वार्धक्याचा वेग २ ते ३ टक्क्यांनी मंदावला. त्याच लोकांच्या त्याच रक्तावर इतर घड्याळे ढिम्म राहिली. शिवाय एकच नमुना दोनदा तपासला तर काही घड्याळांत ९ वर्षांपर्यंत फरक पडू शकतो, हे २०२२ मध्ये दाखवले गेले, आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी रक्त घेतले तरी आकडा हलतो.

तरीही चाचणी करायचीच असेल तर आधी विचारा: घड्याळ कोणते, एकच नमुना पुन्हा तपासला तर फरक किती पडतो, आणि पेशींच्या प्रमाणाची दुरुस्ती करता का. उत्तर मिळाले नाही तर पैसे राखून ठेवा. उत्तर मिळाले आणि सहा महिन्यांनी आकडा दोन वर्षांनी उतरलेला दिसला, तर सोबत विकत घेतलेल्या गोळ्यांना श्रेय देण्याआधी तो बदल चाचणी करणाऱ्यांनीच सांगितलेल्या, एकच नमुना पुन्हा तपासल्यावर पडणाऱ्या फरकात बसतो का ते पाहा. बहुतेक वेळा बसतो.